पासपोर्ट मिळेल, पण चोरपावलांनी जाऊ नका

ताई, नमस्कार. माझं वय ३९, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन सीएनसी मशीन टाकून नऊ वर्षं जॉबवर्क केलं. मुख्य गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे हलवलं, बिलं अडकली आणि २०२४च्या दिवाळीनंतर गाळ्याला कुलूप लावलं. मशीन बँकेने उचलून विकली, तरी १७ लाख बाकी आहेत. त्या कर्जाला गावाकडचे थोरले बंधू जामीनदार आहेत. क्रेडिट कार्डांचे सव्वातीन लाख आहेत. स्टील पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला साडेचार लाखांचा चेक परत गेला, त्याने केस केली. एकदा समन्स आलं होतं, भीतीने गेलो नाही, मग घर बदललं. एकाकडून दोन लाख घेतलेत महिना पाच टक्क्यांनी, त्याच्याकडे माझे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. जीएसटीची शेवटची सात रिटर्न आणि इन्कम टॅक्सची दोन वर्षांची रिटर्न राहिलीत. जुन्या वर्षाची २ लाख ६० हजारांची डिमांड पोर्टलवर दिसते. गाळ्याच्या भाड्यातून कापलेला ४८ हजारांचा टीडीएस भरला नाही. ओमानमध्ये सोहारला मित्राच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची जागा आहे, महिना लाखभर मिळतील. पासपोर्टची मुदत मात्र संपली आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर केसच्या प्रश्नाला 'नाही' लिहू, २५ हजार द्या, महिन्यात पासपोर्ट हातात देतो. मोठे लोक हजारो कोटी बुडवून गेले, मी तर फेडायलाच जातोय. बायकोला सगळे आकडे माहीत नाहीत. मला पासपोर्ट मिळेल का? विमानतळावर अडवतील का?
— एक वाचक, चिखली

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि कागदावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला पासपोर्ट अडवू शकतील अशा गोष्टी, उजव्या बाजूला पासपोर्टशी संबंध नसलेली देणी. बँक, कार्डं, सावकार, जीएसटी, इन्कम टॅक्स असं सगळं उजवीकडे गेलं. डावीकडे आज एकच ओळ राहिली, साडेचार लाखांच्या चेकची केस. आणि नेमकी तीच तुम्ही समन्स घेऊन, घर बदलून, मागे टाकून आलात.

म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

आपल्याकडे पासपोर्ट कायदा १९६७चा आहे. पासपोर्ट कधी नाकारता येतो याची कारणं त्याच्या कलम ६मध्ये दिली आहेत. देशाच्या सुरक्षेची कारणं सोडली तर तुमच्या-माझ्यासारख्यांना लागू पडणारी मुख्य तीन आहेत. गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झालेली असणं, फौजदारी न्यायालयात खटला चालू असणं, आणि न्यायालयाचं समन्स, वॉरंट किंवा देश सोडायला मनाई करणारा हुकूम निघालेला असणं. कर्ज थकलं, हप्ता चुकला, कर राहिला, असं कारण त्या यादीत नाही. फॉर्मवर तुमचं सिबिल कोणी विचारत नाही. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये सतवंत सिंग साहनी प्रकरणात आणि पुन्हा १९७८मध्ये मनेका गांधी प्रकरणात सांगितलं आहे. पैसे नसल्यामुळे देणं फेडता येत नाही, एवढ्याच कारणाने माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने १९८०मध्ये सांगितलंय. गेलं वर्ष-दीड वर्ष तुम्ही चोरासारखे वावरताय, हे पत्रातून कळतं. तुमचा धंदा बसला आहे. धंदा बसणं हा गुन्हा नाही.

पण परत गेलेल्या चेकचं तसं नाही. पैसे बुडाल्याचा दावा दिवाणी असतो, आणि चेक परत गेला की तेच प्रकरण चेकच्या व्यवहारांच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८खाली फौजदारी होतं. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे पहिल्याच तारखेला गेला असतात तर जामीन होऊन संध्याकाळी घरी आला असतात. गेला नाहीत म्हणून आता वॉरंट निघालेलं असू शकतं. ते आधी बघा. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, पुणे जिल्हा निवडा, पिंपरी आणि शिवाजीनगर दोन्हीकडची न्यायालयं तपासा, तुमच्या नावाने आणि फर्मच्या नावाने. केसचा नंबर, पुढची तारीख आणि आजची अवस्था घरबसल्या कळेल. वॉरंट असेल तर वकिलामार्फत स्वतः हजर व्हा. वॉरंट रद्द करण्याचा आणि जामिनाचा अर्ज बहुधा एकाच दिवशी होतो. आपण होऊन आलेल्या माणसाकडे आणि पोलिसांनी धरून आणलेल्या माणसाकडे न्यायालय एकाच नजरेने बघत नाही.

वकिलाला पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तिथून मोफत वकील मिळतो, आणि आज तुमचं उत्पन्न त्याहून कमीच असेल. १५१०० हा त्यांचा फोन. लाज बाळगू नका, ती सोय याचसाठी आहे.

पुढे दोन वाटा आहेत. केस चालू असतानाही पासपोर्ट मिळू शकतो. ऑगस्ट १९९३ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याने परदेशी जायला परवानगी दिली, तर त्या हुकुमाच्या आधारे पासपोर्ट देतात. हुकुमात जितकी मुदत लिहिली असेल तितक्या मुदतीचा देतात, आणि मुदत लिहिलीच नसेल तर एका वर्षाचा. म्हणून अर्जात किती मुदत हवी ते स्पष्ट मागायचं आणि नोकरीचं पत्र जोडायचं. बरेच वकील हे विसरतात. मग माणूस वर्षभराचा पासपोर्ट घेऊन बसतो आणि त्यावर कामाचा व्हिसा मिळताना अडचण येते.

मला दुसरी वाट जास्त पसंत आहे. ती म्हणजे केसच मिटवायची. १३८चा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. तुमच्या व्यापाऱ्याला तुम्ही तुरुंगात गेलेले नको आहात, त्याला त्याचे साडेचार लाख हवे आहेत. त्याच्या दुकानात जा. मध्यस्थ नको, फोन नको, समोर बसा. सोहारच्या नोकरीचं पत्र दाखवा. सांगा, आत्ता एवढे देतो, बाकीचे महिना तीस हजारांनी तिकडून पाठवतो. तो कबूल झाला तर प्रकरण लोकअदालतीत ठेवा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि १३८च्या केसमधल्या निवाड्यालाही हेच लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केलंय. तुम्ही हप्ता चुकवलात तर त्याला वसुली करता येईल, म्हणून त्याला खात्री वाटते. आणि तुमची फौजदारी केस निकाली निघते. मग पासपोर्टच्या फॉर्मवरच्या त्या प्रश्नाला 'नाही' हेच खरं उत्तर होईल, आणि ते लिहायला २५ हजार लागणार नाहीत. नव्याने काढायच्या ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये आहे.

आता त्या एजंटबद्दल. त्याच्या सल्ल्यामुळेच मी बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुम्हाला आधी उत्तर देतेय. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा त्याच कायद्याच्या कलम १२खाली स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय माहिती दडवून मिळवलेला पासपोर्ट कलम १०खाली केव्हाही जप्त किंवा रद्द करता येतो. चेकच्या केसमध्ये तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, गिऱ्हाईक गेलं, बिलं अडकली. खोट्या फॉर्मसाठी काय सांगाल? सही तुमची असेल, एजंटचं नाव त्या कागदावर कुठेच नसेल.

मी तीस वर्षं करसल्लागार म्हणून काम केलं. माझ्याकडे हिशेबाला येणारा एक छापखानावाला असाच गेला. गुणी माणूस, तुमच्यासारखाच फेडायलाच गेला होता. फॉर्मवर केस लिहिली नव्हती. पहिली दोन वर्षं बरी गेली, थोडे पैसेही पाठवले. मग पासपोर्टच्या नूतनीकरणाची वेळ आली. वकिलातीतून अर्ज इकडे पडताळणीला आला, पोलिसांनी जुनं वॉरंट कळवलं, आणि पासपोर्ट अडकला. पासपोर्ट नाही म्हणून तिकडचं राहण्याचं कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून नोकरी नाही. त्याच सुमारास त्याची आई गेली. दहाव्याला तो नव्हता, तेराव्याला नव्हता. फक्त परत येण्यापुरता वकिलात एक दाखला देते, त्या दाखल्यावर तो महिन्यांनी आला, आणि उतरल्यावर आधी कोर्टात गेला. मला भेटायला आला तेव्हा पैशांबद्दल एक शब्द बोलला नाही. आईचं एवढंच बोलला. तुमचं पत्र वाचताना मला सारखा तोच दिसत होता.

मोठ्या लोकांचं तुम्ही लिहिलंय. विजय मल्ल्या मार्च २०१६मध्ये गेले, एप्रिलमध्ये त्यांचा पासपोर्ट रद्द झाला. पुढे २०१८चा फरार आर्थिक गुन्हेगार कायदा आला आणि जानेवारी २०१९मध्ये न्यायालयाने त्यांना तसं घोषित केलं. तो कायदा १०० कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणांना लागतो, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. पण तुलना करायचीच तर पुढची बाजूही बघा. त्या माणसाकडे लंडनमध्ये वर्षानुवर्षं वकील लावायची ऐपत आहे. तुम्हाला दिवाळीला घरी यायचं असेल. मुलांच्या दहावीला, भावाच्या दुखण्याला यायचं असेल.

विमानतळाचं विचारलंत. तिथे इमिग्रेशनच्या संगणकावर बँकेचे थकलेले हप्ते दिसत नाहीत. दिसतं ते लुकआउट सर्क्युलर, म्हणजे अमुक माणसाला अडवा अशी सूचना, आणि ते पोलीस, न्यायालय किंवा तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून निघतं. मध्यंतरी सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही तशी मागणी करण्याचा अधिकार दिला होता. एप्रिल २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. १७ लाखांच्या साध्या थकबाकीसाठी तुम्हाला रांगेतून बाजूला घेतील, असं मला वाटत नाही. न्यायालयाचं उभं वॉरंट मात्र वेगळं. ते रद्द केल्याशिवाय तिकीट काढू नका.

कर थकलेला माणूस देश सोडू शकत नाही, असा मेसेज २०२४च्या बजेटनंतर सगळीकडे फिरत होता. खरी गोष्ट अशी आहे. इन्कम टॅक्सकडून ना-हरकत दाखला घेण्याची सक्ती सरसकट कोणावर नाही. गंभीर आर्थिक गैरव्यवहारात तपास चालू असेल, किंवा १० लाखांपेक्षा जास्त कर थकलेला असून त्याला कुठे स्थगिती नसेल, अशा मोजक्या प्रकरणांत तो मागतात. तेही मुख्य आयुक्तांच्या मंजुरीने, कारणं लिहून. ऑगस्ट २०२४मध्ये सरकारने हे पुन्हा खुलासा करून सांगितलं. तुमची डिमांड २ लाख ६० हजारांची आहे.

म्हणून ती तशीच सोडा असं मी म्हणत नाही. त्यावर महिन्याला एक टक्का व्याज चढतंय. आधी ती बरोबर आहे का ते बघा. अशा जुन्या डिमांडमागे पुष्कळदा गिऱ्हाइकाने कापलेला टीडीएस तुमच्या खात्याला न लागल्याची चूक असते. पोर्टलवरच असहमती नोंदवता येते, पुरावा जोडता येतो. बरोबर असेल तर अधिकाऱ्याकडे हप्ते मागा, ते देतात. राहिलेली रिटर्न अपडेटेड रिटर्न म्हणून भरता येतात. २०२५पासून त्याची मुदत चार वर्षांची झाली आहे, पण उशीर होईल तसा जादा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो.

टीडीएसचे ४८ हजार मात्र मी या सगळ्याच्या वर ठेवीन. बाकीची देणी तुमच्या कमाईतून द्यायची होती. हे पैसे गाळामालकाच्या भाड्यातून त्याच्या नावाने कापलेत, तुमचे ते कधीच नव्हते. म्हणून कायदा इथे कडक आहे. कापून न भरलेल्या टीडीएसवर खटला होऊ शकतो. तसा खटला उभा राहिला तर माझ्या कागदावर डावीकडे दुसरी ओळ येईल. महिना दीड टक्का व्याजासकट भरून टाका. घरातलं काही मोडायचं असेल तर याच्यासाठी आणि व्यापाऱ्याच्या पहिल्या हप्त्यासाठी मोडा, क्रेडिट कार्डासाठी नको.

जीएसटीत एक अडचण आहे, ती समजून घ्या. थकलेल्या जीएसटीला २४ मासिक हप्ते मिळू शकतात, पण रिटर्नमध्ये तुम्ही स्वतः दाखवलेल्या कराला मिळत नाहीत. तो भरल्याशिवाय रिटर्नच जात नाही. तुमची मागची खरेदीबिलं शोधा, इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, किती उरलंय ते काढा. बंद पडत्या धंद्याच्या शेवटच्या महिन्यांत विक्री थोडी असते, खरा कर वाटतो त्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता आहे. आणि वेळ लावू नका. तीन वर्षं उलटलेलं रिटर्न पोर्टल आता घेतच नाही. तोवर अधिकारी अंदाजाने आकारणी करतो, आणि तो अंदाज तुमच्या हिशेबापेक्षा बहुधा मोठाच असतो. नोंदणी रद्द झाली असेल तर अंतिम रिटर्नही भरायचं आहे.

सावकाराचं थोडक्यात सांगते. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के झाले. महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज लावता येतं, आणि परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. त्याच्याकडे परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते. आजपर्यंत किती दिले ते तारखेवार लिहून काढा, मग त्याच्याशी बोला आणि कोरे चेक परत मागा. त्याने चेक भरला आणि परत गेला तर तो ३० दिवसांत नोटीस पाठवेल, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस तुमच्या हातात असतील. ती जुन्या पत्त्यावर जाऊन पडू नये म्हणून नवा पत्ता त्याला लेखी कळवा. एका चुकलेल्या समन्सने काय झालं ते तुम्ही बघताच आहात.

कार्डवाल्यांना शेवटी ठेवा. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेजाऱ्यांसमोर, नातेवाइकांकडे बदनामी करायलाही मनाई आहे. तसं घडलं तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. 'त्या कर्जाला गावाकडचे थोरले बंधू जामीनदार आहेत.' एवढंच लिहून तुम्ही पुढे क्रेडिट कार्डांवर गेलात. मला त्या वाक्यापाशी थांबावं लागलं.

करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्यांना म्हणता येत नाही. तुम्ही सोहारला गेलात की बँकेच्या माणसाला सापडणारा पत्ता एकच उरतो, गावाकडच्या घराचा. दादांनी नुसती सही केली होती की जमीन तारण दिली होती, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? सातबारा काढा, 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढलाय का बघा. तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा आहे, त्याखाली बँकेला शेतजमीन थेट ताब्यात घेता येत नाही, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. १७ लाखांचं प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणातही जात नाही, तिथे किमान २० लाख लागतात. म्हणजे बँक दिवाणी दावा लावेल, त्याला वेळ लागेल. पण हुकूमनामा झाला की दादांच्या नावावरची मालमत्ता त्यात येऊ शकते.

जाण्याआधी तुम्ही दोघांनी मिळून बँकेच्या शाखेत जा. एकटे नको. एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव लेखी द्या. मशीन विकून झाल्यात, तारण उरलं नसेल, तर बँका अशा खात्यात पुष्कळ खाली येतात. मात्र काही रक्कम आधी मागतात आणि उरलेली ठरावीक महिन्यांत. तुमचा पगार सुरू होण्याच्या तारखा धरून महिने मागा. तडजोडीच्या पत्रात जामीनदारही मोकळा होईल, हे वाक्य लिहून घ्या. ते नसेल तर सही करू नका. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा येईल आणि काही वर्षं नवं कर्ज मिळणार नाही. मिळू नये, हेच बरं. शाखेत कोणी म्हणालं की तुमचं खातं 'राइट-ऑफ' केलंय, तर कर्ज माफ झालं असं समजू नका. ती बँकेच्या वहीतली नोंद आहे, तुमचं देणं तसंच असतं.

गावात आणि भोसरीत एक समज पक्का आहे, की तीन वर्षं तिकडे काढली की देणं मुदतबाह्य होतं. मुदत कायद्याच्या कलम १५मध्ये लिहिलंय की देणेकरी भारताबाहेर असतो तो सगळा काळ दाव्याची मुदत मोजताना धरायचाच नाही. दहा वर्षांनी आलात तरी घड्याळ तुम्ही विमानात बसलात तिथेच थांबलेलं असेल.

सोहारविषयी थोडं. तुम्ही डिप्लोमाधारक, त्यामुळे दहावीच्या आतल्यांना नोकरीसाठी देश सोडताना लागणारी एमिग्रेशनची परवानगी तुम्हाला लागणार नाही. जायचं ते नोकरीच्याच व्हिसावर. आधी व्हिजिटवर या, मग बघू, असं मित्राने सांगितलं तरी नाही म्हणा. मध्ये कोणी भरती एजंट असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते तपासा. त्याला ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं रुपयांतलं खातं) करून घ्या आणि सगळे हप्ते त्यातूनच द्या, म्हणजे प्रत्येक रुपयाची नोंद राहील. निघण्याआधी विश्वासातल्या माणसाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करा, बँक, जीएसटी आणि कोर्टाच्या कागदांसाठी. माझ्या मते ते बायकोच्या नावाने करावं.

पण त्यासाठी तिला आकडे सांगावे लागतील.

तुम्ही गेल्यावर दार ती उघडणार आहे. नोटीस ती घेणार, फोन ती उचलणार. न सांगता गेलात तर पहिल्याच महिन्यात परका माणूस येऊन तिला आकडा सांगेल, आणि तोही फुगवून सांगेल. आज रात्री मुलं झोपल्यावर वही घेऊन बसा. व्यापारी, टीडीएस, बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स, सावकार, कार्डं, या क्रमाने प्रत्येकाच्या पुढे रक्कम लिहा. सगळ्याची बेरीज तीस लाखांच्या आसपास जाईल. ती रडेल, रागावेलही. पण वर्षभर तुम्ही रात्री का झोपत नाही, हे तिला एव्हाना दिसलेलं आहे. तिला फक्त कारण माहीत नाही, आणि ती कदाचित याहून वाईट काहीतरी धरून बसली असेल. दादांना फोनवर सांगू नका, गावी जा.

सोहारच्या मित्राला कळवा की तीन-चार महिने लागतील, आणि का लागतील तेही सांगा. तो जागा धरून ठेवेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. सीएनसीवर हात बसलेल्या माणसाला आखातात आणि इथे चाकणलाही काम आहे. ही जागा गेली तरी केस मिटवण्याचं थांबवू नका.

एजंटला काही कागद दिले असतील तर उद्याच परत घ्या. त्याने तुमच्या नावाने पासपोर्टच्या पोर्टलवर खातं उघडून अर्ज भरलाय का ते विचारा. अर्ज भरला असेल आणि अपॉइंटमेंट घेतली असेल तर त्या दिवशी जाऊ नका, तो अर्ज पुढे नेऊ नका. आणि ई-कोर्ट्सवर केसचा नंबर सापडला की मला लिहा. पुढची तारीख कोणती आणि वॉरंट आहे का, एवढं कळलं की परवानगीचा अर्ज आधी करायचा की व्यापाऱ्याशी तडजोड, ते आपण ठरवू.